तपकिरी स्कर्ट

त्या दुपारी शालनने फरशीवर तपकिरी कापड पसरलं, वर पेपर कटिंग, म्हणजे मापाचा कागदी साचा, ठेवून खडूने आखलं आणि मला बोलली, "अहो, चहा टाका. पिऊन झाला की कातर लावते." दोन कप घेऊन बाहेर आलो तर बायको मशीनला टेकून बसलेली... डोळे उघडे. डॉक्टरने नुसती मान हलवली.

आमच्या आचोळे गावातल्या खोलीत माणूस निजवायला जागा तेवढीच. बायकांनी कापड गुंडाळून कपाटावर टाकलं आणि तिला तिथे ठेवली.

महिना झाला. येणारे बोलतात, देवमाणूस होती. कसली देवमाणूस! फटकळ होती. नंदाखाल गावच्या एका ख्रिस्ती बाईने तिला परदेशातल्या जुन्या फॅशनची पेपर कटिंगं दिली होती, पातळ, कांद्याच्या सालीसारखी. शालनने ती खाकी कागदावर उतरवली, उंची आपल्या पोरींच्या मापाने कमी केली. तेव्हा इथल्या पोरी नुकत्या ऑफिसला जायला लागल्या होत्या. पगार थोडा, कपडे रोज वेगळे पाहिजेत. शालन एकीला पाचच नग शिवायची, पण असे की कुठलाही टॉप कुठल्याही स्कर्टवर चालायचा. पोरीने भलतंच कापड उचललं की ओरडायची, "ठेव ते! ह्याचं कोणाशी जमणार नाही." मी बोलायचो, "त्यांचा आठवडा पाच कपड्यांत, माझं वर्ष दोन सदऱ्यांत?" तर म्हणे, "तुम्हाला बघतंय कोण?"

शेजारच्या ज्योतीला त्या सोमवारपासून पहिली नोकरी होती. तीन टॉप, एक जाकीट तयार होतं. तपकिरी स्कर्ट सगळ्यांच्या खाली जाणारा. तो नाही तर बाकीच्यांचा काय उपयोग?

स्मशानातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ज्योती येऊन बसली. कपड्यांचं नाव काढलं नाही. मी कपाटावरून कापड काढलं. खडू सगळा पुसलेला. माझी बहीण, आक्का, धावून आली. "बाळू, सुतकात कातर धरतोस? टाकून दे ते. मयताच्या घरातलं कोण अंगाला लावणार?"

"पोरगी सोमवारी काय घालणार? बाहेर शिवायला टाकलं तर शिंपी महिना लावील."

"तुला येतं का कापायला?"

नव्हतं येत. काज-बटन करायचो, सरळ शिलाई मारायचो, एवढंच. कातरीला तिने कधी हात लावू दिला नाही. मी कापड पसरलं, खाकी कागद ठेवला, पुन्हा आखलं. आक्का तोंड फिरवून बसली. ज्योतीला विचारलं, "घालशील ना?" तिने मान डोलावली. कातर लावली. कंबरेपाशी वळताना रेघ सोडून आत गेली... बोटभर.

ज्योती वाकून बघत होती. डोळे पुसत बोलली, "चालेल काका. वरून टॉप येतो ना."

मी पुढे कापत गेलो.