कौलकाकांचा होकार

आमच्या काकांना उभ्या आयुष्यात कुणी स्वतःहून 'हो' किंवा 'नाही' म्हणताना ऐकलं नव्हतं. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांचं खरं नाव रेशनकार्डापुरतं उरलं होतं. एरवी ते कौलकाका. टीव्ही घ्यायचा असो, काकीचं ऑपरेशन असो, आधी देवगडकडच्या आमच्या गावी जाऊन ग्रामदेवतेचा कौल घ्यायचा. पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने सगळ्यांसमक्ष गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. रंगीत टीव्हीला डावी पडली, तेव्हा काकी ठसक्यात म्हणाली होती, "देव काय आमच्या खोलयेत येवन बातम्यो बघतलो?" काका हसले, पण टीव्ही काही आला नाही.

गिरण्यांच्या संपाच्या वेळी माझा जन्मही झाला नव्हता. काका तेव्हा गिरणीत साचेखात्यात, मागावर होते. संप लांबला तशी काही माणसं खाली मान घालून कामावर परतू लागली. काकांनी गाव गाठलं, 'थांबू का?' म्हणून कौल लावला, आणि उजवी पडली, म्हणजे थांब. ते थांबले. गिरणीने पुढे त्यांना घेतलंच नाही, आणि साच्यावरचा माणूस शिवडीच्या गोदामात गोणी उचलायला लागला. देवाला त्यांनी कधी बोल लावला नाही. म्हणायचे, "देवान थांब म्हटल्यान. खयपर्यंत थांबाचा, ता मीच इचारूक इसारलंय." चाळ हसायची, मीही हसायचे.

माझे वडील लवकर गेले. आईला आणि मला सांभाळलं ते याच काकांनी. माझ्या ताटात सुरमईची मोठी तुकडी वाढण्यासाठी त्यांना कुठल्याही देवाला विचारावं लागत नसे, हेही सांगायला हवं.

बारावीनंतर मला अणुअभियांत्रिकीची पदवी घ्यायची होती. परराज्यातल्या एका विद्यापीठात तो अभ्यासक्रम नुकताच सुरू झाला होता आणि माझं नाव त्यांच्या यादीत लागलं होतं. दुसरीकडे मुंबईतल्याच एका कॉलेजात मेकॅनिकलला जागा मिळत होती. फिजिक्सच्या बाई म्हणाल्या, "विभाग नवा आहे, अजून एकही तुकडी बाहेर पडलेली नाही. मेकॅनिकल करून पुढे अणूकडे वळता येतं." बरोबरच होतं त्यांचं. पण मला अणुभट्टीच्या पोटात काय चालतं ते पहिल्या दिवसापासून शिकायचं होतं. चाळीतले लोक विचारत, "बॉम्ब बनवणार काय गं?" आई म्हणाली, "भावजी सांगतील तसं." आणि भावजी म्हणाले, "देवाक इचारूया."

त्या वर्षी नेमका खाडीपलीकडे अणुवीज प्रकल्प येऊ घातला होता, आणि आमचा सगळा गाव त्याच्याविरुद्ध पेटला होता. मी काकांना म्हटलं, "नुसतं विचारा, पुतणीला मुंबईबाहेर पाठवू का. विषय कशाला सांगायचा?" त्यांनी कानाला हात लावला. "देवाकडे अर्धा बोलाचा नाय, बाय."

मीही त्यांच्याबरोबर गेले. देवळात त्यांनी सगळं खरं सांगितलं, तसा एक मानकरी उसळला, "तुमचा चेडू आमच्या जमनी घेवक शिकतला काय?" काका हात जोडून नुसते उभे. शेवटी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाकळ्या लावल्या, आणि आम्ही बसलो. अणूचं शास्त्र शिकायला निघालेली मी, एका पाकळीकडे डोळे लावून! दुपार झाली, ऊन उतरलं. एकही पाकळी हलली नाही. गावातला माझा एक चुलतभाऊ कानाशी कुजबुजला, "गुरवान बरी चिकटवल्यान हत." खरं काय, मला माहीत नाही. गुरव एवढंच म्हणाला, "देव गप हा."

देव गप्प राहिला की काय करायचं, हे काकांना कुणी शिकवलंच नव्हतं. मुंबईला परतल्यावर ते गोदामात जात, येत, जेवत, आणि माझी नजर चुकवत. मी चिडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. आई त्यांच्या शब्दाशिवाय पाऊल उचलायला तयार नव्हती. मी सतरा वर्षांची. एकटी कुठे जाणार होते? एकदा काका म्हणाले, "तुका काय व्हया ता माका कळता गो. पण माझ्या तोंडातसून भायर पडना नाय."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी ते आले आणि हातपाय न धुताच माझ्यासमोर बसले. "जा तू. देवाचा ऱ्हवांदे. मी सांगतंय, जा."

"काका, मुदत संपली. पाच वाजताच."

"मगे आता?"

त्या क्षणी मला त्यांचा भयंकर राग आला होता आणि त्यांना पोटाशी धरावंसंही वाटत होतं. दोन्हींतलं काहीच जमलं नाही.

मी मेकॅनिकल केलं. आज एसीच्या कंपनीत बरी नोकरी आहे. अणूकडे वळायचं राहून गेलं ते गेलंच. काका मात्र त्यानंतर कधी कौल लावायला गेले नाहीत. देव सुटला, पण स्वतःचं मतही काही फुटलं नाही. आता ते सगळं मला विचारू लागले. काकीने "भात वाढू की पेज?" म्हटलं, तरी ते आधी माझ्याकडे बघत. मी सांगेन ते खात.

शेवटच्या आजारपणात परळच्या हॉस्पिटलात मी एका दुपारी त्यांच्याजवळ बसले होते. धाप लागली होती, कूस बदलवत नव्हती. माझा हात घट्ट धरून त्यांनी विचारलं, "बाय, मी आता काय करू?"

मी म्हटलं, "काही करू नका काका. झोपा."

त्यांनी लगेच डोळे मिटले. ते पुन्हा उघडलेच नाहीत. आजही कुणी मला 'काय करू?' असं विचारलं, की माझी जीभ टाळ्याला चिकटते.