दिवेलागणीनंतरची तारीख

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. नळाला पाणी उशिरा. गॅसचा सिलिंडर आला. दुपारी अडीचला मृणालीचा मॉरिशसहून फोन, पाऊण तास. तिच्या विभागावर गंडांतर आहे. रडली नाही, पण बोलताना दोनदा पाणी प्यायला थांबली.

ही मृणाली कोण, ते सांगते. इथे रोह्याजवळ वरशाला येण्याआधी आम्ही पेणला राहत होतो. माझे मिस्टर आयझॅक एसटीत होते. वडखळजवळच्या मिठागरात काम करणाऱ्या जनूची बायको सगुणा आमच्या आळीत मीठ विकायला यायची. बरोबर तिची दहा वर्षांची मुलगी असायची. आई मीठ मोजून देईपर्यंत ती माझ्या टेबलाशी उभी राहून मी काय लिहिते ते बघायची. एकदा तिने विचारलं, "तुम्ही रोज कोणाला पत्र लिहिता?"

मी तिला शंभर पानी वही दिली आणि माझे नियम सांगितले. काय घडलं, कोण आलं, काय शिजलं, ते लिहायचं. खाडाखोड करायची नाही. मनात काही आलं असेल तर का आलं, तेही लिहायचं.

ती मुलगी पेणला शिकली, मग मुंबईला, आणि मानसशास्त्रात डॉक्टर झाली. एका विलायती विद्यापीठाची मॉरिशसला शाखा आहे. तिथला मानसशास्त्र विभाग ती सहा वर्षं चालवते. हाताखाली तीन शिक्षक. प्रश्नपत्रिका आधी विलायतेला जाते, तिथून होकार आला की छापायची. एका चाचणीत बर्फ पडल्यावर मन उदास होतं का, असा प्रश्न होता. तो काढायला तिला चार महिने पत्रं लिहावी लागली. "मावशी," ती म्हणते, "सासर विलायतेला, संसार मॉरिशसला. विभागप्रमुख म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाणारी सून."

तिच्या विभागात समुपदेशनाचा अभ्यासक्रम आहे. विद्यार्थी खऱ्या माणसांशी बोलतात, मृणाली शेजारी बसते, आणि झालेला प्रत्येक तास आपल्या वहीत लिहिते. वहीवरून कचेरीतली मुलगी तक्ता टाइप करते. विद्यार्थी बहुतेक नर्सा आणि शाळामास्तर, म्हणून तास संध्याकाळी सहाला. यंदा विलायतेहून तपासणी समिती आली. त्यांना सदतीस तासांच्या तारखा चुकीच्या सापडल्या. तक्त्यातल्या तारखेला दारावरच्या मशीनमध्ये एकाही विद्यार्थ्याचं कार्ड लागलेलं नव्हतं. तास झालेच नाहीत, बाईंनी मागाहून लिहिले, असा त्यांचा संशय. ते तास रद्द झाले तर नऊ विद्यार्थी नापास, अभ्यासक्रम बंद, आणि त्याच्या मागोमाग विभागही. निकाल २७ तारखेला.

"तू खोटं लिहिलंस का?" मी विचारलं.

"तुम्ही पण?"

"विचारायला हवं. आता यादी वाच, मी लिहून घेते."

तिने वाचली. मार्चमधली एक सोडली तर सगळ्या तारखा एप्रिल ते सप्टेंबरमधल्या, आणि प्रत्येक, कार्ड लागलेल्या दिवसाच्या एक दिवस पुढची. डिसेंबर-जानेवारीत एकही नाही.

"डिसेंबरात तुमच्याकडे सूर्य कधी मावळतो?"

"पावणेसातला. इथे तेव्हा उन्हाळा."

"आणि जूनमध्ये?"

"साडेपाच, पावणेसहा..." मग ती हळूच म्हणाली, "मावशी, मी तुमच्यासारखं लिहिलंय."

आम्ही बेने इस्रायल, कोकणातले यहुदी. रोह्यात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलोत. आमचा दिवस संध्याकाळी लागतो. शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवार. माझे वडील एलियाह घरची वही तशीच लिहीत. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी माझ्या शाळेच्या वहीतल्या तारखा लाल शाईने दुरुस्त केल्या, पण घरची डायरी मी वडिलांच्याच रीतीने ठेवली. दिवेलागणीनंतर जे सुरू झालं, ते उद्याच्या पानावर. मृणालीला मी हेही शिकवलं, आणि ही रीत जगाची नाही हे सांगायला विसरले. पुढे तिला ते कळलं, पण तोवर हाताला वळण पडलं होतं.

"हे त्यांना सांगू कसं?" ती म्हणाली. "मानसशास्त्राची बाई म्हणते, लहानपणीची सवय. हसतील."

"लहानपणीची वही कुठे आहे?"

"आईच्या पेटीत. उंदरांनी ठेवली असली तर."

बुधवारी सकाळच्या एसटीने मी वडखळला गेले, तिथून रिक्षा. जनू ओटीवर बसला होता.

"पोरीचं काय बरंवाईट नाय ना?"

"नाही. तिची जुनी वही हवी आहे."

"येवढी साहेबीण झाली, न् वही हितली पायजे?" तो हसला. "ती करते काय तिथं, ते मला अजून नाय कळलं."

"मनाचा अभ्यास शिकवते."

"ते तिच्या आईला शिकवायला पायजे व्हतं."

"तुमाला मन आसतं तर शिकवलं आसतं," सगुणा आतून म्हणाली. तिने पेटी ओढली. साड्यांच्या तळाशी वही होती, एक कोपरा कुरतडलेला. मी ओटीवर बसून पानं चाळली. होळी पेटली, पुरणपोळ्या झाल्या, हे धुळवडीच्या तारखेखाली होतं. कोजागिरीचं दूधही दुसऱ्या दिवसाच्या पानावर.

मी वाचून दाखवल्यावर सगुणा म्हणाली, "होळी आदल्या रातची. म्हंजे तवापासनं चुकतेय व्हय?"

"चुकत नाही गो. माझ्यासारखं मोजते."

त्यांची सून समीक्षा हिने फोनवर पानांचे फोटो काढून मॉरिशसला पाठवले. घरी आल्यावर मी माझ्या त्याच वर्षीच्या डायरीचेही शेजारच्यांकडून पाठवले. मृणालीने सूर्यास्ताच्या वेळा आणि सदतीस तास समोरासमोर मांडले. छत्तीस तंतोतंत बसले. मार्चमधला बसत नव्हता. ती नुसतीच चूक होती.

"तेवढा एक बसवून सांगू का?" तिने विचारलं.

"तू सांगितलंस तर बाकीचे छत्तीसही जातील माझ्या मनातून."

"गंमत केली, मावशी."

आज, गुरुवारी २७ तारखेला, पावणेसहाला तिचा फोन आला. समितीने छत्तीस तास धरले. मार्चमधला धरला नाही. तो ज्या नर्सचा होता, तिने तेवढा एक तास पुन्हा करायचा. पुढच्या वर्षीच्या प्रवेशांना परवानगी मिळाली. समितीतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी होळीचं पान दोनदा पाहिलं म्हणे, आणि पुरणपोळी म्हणजे काय ते विचारलं.

"यापुढे सगळ्या नोंदी घड्याळाच्या तारखेने, अशी अट आहे," ती म्हणाली.

"बरोबर आहे. विद्यापीठाची वही विद्यापीठाच्या रीतीने."

"आणि माझी?"

"तुझी तुझ्या रीतीने. पण कचेरीतल्या त्या मुलीला टाइप करायला देऊ नकोस."

ती बऱ्याच दिवसांनी मोकळी हसली. फोन ठेवला तेव्हा बाहेर अंधार होता, म्हणून मी पान उलटलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०२५. सगुणाने दिलेल्या मिठाची पिशवी फोडली. बरणी भरून थोडं उरलं, ते वाटीत झाकून ठेवलं.