कोऱ्या चहाची बिअर

चार माणसं रोज एका टेबलाभोवती ग्लास घेऊन बसली की किस्से साचणारच. बाहेर त्याला अड्डा म्हणतात. शिरूरजवळच्या आमच्या बिअरच्या फॅक्टरीत त्याला टेस्ट पॅनल म्हणायचे, आणि वर पगार द्यायचे! दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पॅनलवर कवठे येमाईचे रामदासआप्पा, लॅबमधला संजय आणि मी. डोक्यावर साहेब.

*

आमच्या गावी, निमोण्यात, आई सगळ्यांना सांगायची, "आमचा पोरगा कोल्ड्रिंकच्या कंपनीत हाय." शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंच, "मग तोंडाला वास कशाचा येतो गं?"

आई म्हणाली, "वास आला म्हंजी त्या दिवशी ओव्हरटाइम असतोय!"

*

संजय मात्र थेंब घ्यायचा नाही. घर बौद्ध. मद्य वर्ज्य हे पाचवं शील तो मनापासून पाळायचा. पॅनलवर घेतलं तेव्हाच त्यानं सांगून टाकलं होतं, "मी नुसता वास घेणार." साहेब हसले होते. पण नाक असं, की माझा डबा बंद असतानाच म्हणायचा, "आज सुकट, आन् वहिनींनी लसूण करपवलाय."

घरी जाऊन विचारलं. करपवला होता! वर बायको माझ्यावरच उखडली, "त्यांना बंद डब्यातनं कळतं, तुम्हाला खाऊन कळत न्हाई!"

*

पण बिअरच्या कारखान्यातलं पोरगं पीत नाही, यावर विश्वास कोण ठेवणार? संजयची दोन स्थळं त्यावरच फिसकटली. तिसरं खुटबावचं. मुलगी सुनीता, दौंडला नर्स, संजयच्या मनात पक्की भरलेली. वडील निवृत्त गुरुजी, पंचशीलाला एकदम कडक. त्यांनी निरोप धाडला, "डोळ्यानं बघून ठरवू."

संजय आम्हाला म्हणाला, "हे मोडलं तर मी नोकरीच सोडतो." आम्हालाच धडकी भरली.

*

त्यातच परदेशात शिकून आलेल्या साहेबांच्या डोक्यात चहाची बिअर शिरली. छोटी टाकी, दार्जिलिंगची पत्ती. आप्पांनी पहिला घोट घेतला, आणि टोपीच काढली.

"साहेब, कोण गेलं?"

"म्हणजे?"

"आमच्याकडं मयताच्या घरी असा चहा देत्यात. बिनदुधाचा!"

साहेबांनी प्रामाणिकपणे रिपोर्टात लिहिलं, 'चव: मयत टी.' पुढच्या आठवड्यात हेड ऑफिसचा फोन आला, "ही मयत पत्ती आसामची का? दार्जिलिंगपेक्षा स्वस्त पडेल?"

*

साहेब हट्टाला पेटले. दुसरी बॅच करायचीच! परचेसवाले म्हणाले, "चहापत्ती कच्च्या मालात बसत नाही, कँटीनमधून घ्या." कँटीनच्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"एवढी पत्ती? पाव्हणे किती येणारेत?"

"एकही नाही."

"मग कुणाच्या घशात घालताय?"

शेवटी साहेबांनी कुठून तरी जमवलं. कुठून, ते काही सांगेनात.

*

ती बॅच टेबलावर आली आणि गेटवरून फोन, "खुटबावचे गुरुजी आलेत."

संजय पांढराफटक पडला. भरलेले ग्लास लपवणार तरी कुठं? तेवढ्यात गुरुजी दारात. पांढरा शर्ट, खिशाला पेन, चेहऱ्यावर परीक्षेच्या हॉलमधली नजर. साहेबांना कशाचाच पत्ता नाही. त्यांनी हसत एक ग्लास थेट गुरुजींच्या हातात दिला.

"घ्या ना, चहाच आहे!"

आप्पा परत टोपी काढून माझ्या कानात पुटपुटले, "आता खरंच मयत!"

गुरुजी ग्लास धरून संजयकडंच बघत राहिले. बिचाऱ्यानं काय करावं? रोजचंच केलं. आपला ग्लास उचलला, नाकाशी नेला, खाली ठेवला.

"साहेब, पत्ती दोनदा उकळलीय."

"न पिता कसं कळलं तुला?" साहेब ओरडलेच. "परचेसनं दिली नाही रे! मग पहिल्या बॅचचीच वाळवून घातली."

गुरुजींनी हातातला ग्लास नाकाजवळ नेला. हुंगला. परत हुंगला. ओठाला न लावता टेबलावर ठेवून दिला.

"खरंय," ते म्हणाले. "नुसत्या वासावर कळतंय."

आमचा जीव भांड्यात पडला. आप्पांनी तर टोपी परत डोक्यावर घातली. गुरुजी संजयच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पाव्हणं, आमची सुनीताबी पत्ती दोनदा उकळती. चालंल ना?"