दादांच्या स्कूटरवर पाचवा हात

हसणार असाल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. मी जे करून बसलेय, ते तोंडात चहा असताना ऐकण्यासारखं नाही.

आमचे सासरे, दादा, निवृत्त मास्तर. त्यांच्या गडद निळ्या स्कूटरइतकी चकचकीत वस्तू अख्ख्या मानवत गावात नसेल. रोज सकाळी आधी स्कूटर पुसणार, मग स्वतःचा चष्मा. ती स्कूटर त्यांनी मला दिली, माझ्या लेकीला, रेवाला, बालवाडीत सोडायला. चावी हातावर ठेवताना म्हणाले, "एक ओरखडा दिसला की चावी माझ्याकडं."

आणि दसऱ्याच्या तीन दिवस आधी, दादा गंगाखेडला नणंदबाईंकडे गेलेले असताना, मी ती फाटकाला घासली. आमच्याच फाटकाला! ते बिचारं माझ्या लग्नाच्या आधीपासून त्याच जागी उभं आहे.

वीतभर ओरखडा. चावी गेली तर पुढचं सगळं मला दिसायला लागलं: परत ती रिक्षा, कोंबलेली तेरा पोरं आणि दाराशी लोंबकळणारी माझी रेवा. (मी काळजी करायला लागले की रेवा कुठून ना कुठून लोंबकळतेच.)

मग काय केलं? मोबाईलवर व्हिडिओ पाहिले! शिकलेली ना मी, बी.एस्सी.! रंगाच्या दुकानातून निळा रंग आणला आणि क्लिअर कोटचा स्प्रे आणला, म्हणजे रंगावर चकाकीसाठी मारतात तो बिनरंगी थर. दुकानदार म्हणाले, "ताई, वीतभर लांबून, पातळ पातळ तीन हात मारा. मधी दम धरा. घाई केली की ओघळ आलाच म्हणून समजा."

दम? मला? मी समोर उभी असते तरी दूध उतू जातं.

रेवाला आत सासूबाईंपाशी बसवलं, तोंडाला मास्क बांधला. निळा रंग बरा बसला. पहिला हातही झकास. तेवढ्यात मनात आलं, हा वास खिडकीतून रेवापर्यंत तर नाही ना जायचा? त्या धास्तीत दुसरा हात उरकला, जाड आणि जवळून. ओघळ! वितळत्या मेणबत्तीसारखा. तो मी ओला असतानाच फडक्याने पुसला. (हे मात्र तुम्ही कधी करू नका.) ओघळ राहिलाच, वर फडक्याची वीण उमटली.

दुसऱ्या दिवशी बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं. ओघळ गेला, चकाकीही गेली; पत्रा ताक सांडल्यासारखा पांढुरका! व्हिडिओतला माणूस सांगत होता, असंच होतं, घाबरू नका. मी घाबरले आणि तिसरा हात मारला. नेमका तेव्हाच गल्लीतून कापसाचा टेम्पो गेला. या दिवसांत मानवतात दुसरं काय जाणार? स्कूटरला मिशा फुटल्या.

सासूबाई दारात येऊन उभ्या. "अगं, कालपासून गाडीच धुवायलीस?"

"दसरा आहे ना, आई."

झालं! लगेच शेजारी हाक गेली. "बघा वो काकू, सासऱ्याची गाडी लेकरावानी जपायलीय! न्हाई तर तुमची सून!"

आता खरं सांगायला तोंड उरलं का? काकूंची सून तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

मिशा चिमट्याने उपटल्या. पुन्हा घासलं. दसऱ्याला सकाळी आठ वाजता चौथा हात मारला आणि काय सांगू, आरसा! ओघळ नाही, कापूस नाही. दादा नऊच्या एसटीने यायचे होते. मी निवांत आंघोळीला गेले.

बाहेर येते तो सासूबाई पूजेचं ताट घेऊन गाडीपाशी. ओल्या क्लिअर कोटवर हळदीकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक. वर झेंडूचा हार. शेजारी पाच इवली बोटं.

"मी पण पूजा केली," रेवा म्हणाली.

"जरा चिकट लागायली व्हती," सासूबाई म्हणाल्या. "म्हणलं, तू तेल लावलं असशील."

ऐन दसऱ्याला, सासूबाईंच्या डोळ्यांदेखत स्वस्तिक पुसू? आणि पुसून पुन्हा फडक्याची वीण उमटवू? माझं डोकंच चालेना. वाटलं, वरून चकाकी आली तर हे मुद्दाम काढल्यासारखं दिसेल. हार काढला आणि मारला पाचवा हात, सगळ्यावरून!

दिसलं की! काचेच्या फ्रेममध्ये बसवल्यासारखं दिसलं.

दादा आले. पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि पेपर तपासायला घेतल्यासारखे वाकले. स्वस्तिक. पाच बोटं. झेंडूच्या दोन पाकळ्या. चिमट्यातून सुटलेला कापसाचा एक तंतू.

"धुतल्यावर जाईल का हे?"

"नाही दादा. आता हे कायमचं." आणि मी रडत रडत फाटकापासून सगळं सांगून टाकलं. चावी त्यांच्यापुढे धरली.

"बरं झालं की," सासूबाई म्हणाल्या. "दरसाल काढायचा ताप गेला."

दादांनी चावी घेतली नाही. उलट दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "असली गाडी घेऊन मी गावात कुठं हिंडू?"

तेव्हापासून स्कूटर माझी आहे. दादा रोज सकाळी फक्त चष्मा पुसतात.