डबल बेल

परळच्या स्टॉपवर माझी बस उभी होती. दारं बंद झालेली, पुढे सिग्नल हिरवा, मागून हॉर्नचा कल्ला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसलेलो.

नव्या गाडीवर माझी परीक्षा घ्यायला शेजारी उभे असलेले इन्स्ट्रक्टर शेखसाहेब वाकून म्हणाले, "कांबळे, कोणाची वाट बघताय?"

"डबल बेलची, साहेब."

पुढच्या सीटवरचं कॉलेजचं पोर फिस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. दादरलाही हेच झालं होतं.

ही बेलची भानगड सांगायला हवी. जुन्या गाडीत कंडक्टर दोरी ओढायचा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर घंटी वाजायची. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की निघ. ड्रायव्हरला मागचं दार नीट दिसत नाही. कोण चढलं, कोण लटकतंय, ते कंडक्टर बघतो. डबल बेलशिवाय गाडी हलवायची नाही, हे आमच्या हाडात मुरलेलं.

माझा कंडक्टर परब. देवगडकडचा. आमची जोडी वर्षानुवर्षं एकत्र. त्याच्या घंटीवरून मला कळायचं, आज घरून भांडून आलाय की मासे खाऊन आलाय. पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, "मागचा मी बघतंय. तू फुडचा बघ." मी कधी वळून बघितलं नाही. गरजच पडली नाही.

मग नव्या विजेच्या गाड्या आल्या. एसी, आपोआप मिटणारी दारं, मागचं दाखवायला समोर छोटा स्क्रीन. गिअर नाही, क्लच नाही. डावा पाय नुसता पाहुण्यासारखा बसून. आणि आत कंडक्टर नाही. परबला तिकिटाचं मशीन देऊन लालबागच्या स्टॉपवर उभा केला. तिकीट खालीच फाडायचं.

शेखसाहेब हळू आवाजात म्हणाले, "तिसऱ्यांदा असं झालं तर मी पास म्हणून सही करणार नाही. मग यार्ड."

यार्ड म्हणजे डेपोच्या आत गाड्या धुवायला न्यायच्या, रांगेत लावायच्या. पगार तोच. पण रस्ता गेला. बाबासाहेबांच्या नावाच्या या रस्त्याला लागूनच आमची चाळ. वडील याच रस्त्याने पायी मिलमध्ये जायचे. मी लहानपणी गॅलरीत उभा राहून लाल बसगाड्या मोजायचो. मला यार्डात मरायचं नव्हतं, सरळ सांगतो.

गाडी लालबागच्या उड्डाणपुलाखालून निघाली. इतकी मुकाट, की स्वप्नात पळताना पायांचा आवाज येत नाही तसं वाटत होतं. काचेबाहेर माणसं तोंडं हलवत होती, आवाज नाही. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांपुढे मिरच्यांचे ढीग लाल दिसत होते. एवढी वर्षं इथे नाक चुरचुरायचं, आज काही नाही. पुलाच्या खांबांच्या सावल्या एकामागून एक माझ्या हातांवरून सरकत होत्या. मिलचं भिंताड गेलं, तिथे आता काचेचा टॉवर, त्यात आमचीच गाडी तरंगत चाललेली. मला वाटलं, मागे परब आहे. जागच्या जागी डुलत सुटे मोजतोय. फार बरं वाटलं.

लालबागचा स्टॉप आला. खरा परब खाली उभा होता, गळ्यात मशीन. माझ्याकडे बघून त्याने नुसती भुवई उडवली. माणसं चढली, उतरली. दारं मिटली.

या वेळी थांबायचं नाही, असं मी ठरवलेलंच होतं. सोडला ब्रेक. गाडी हलली.

मागून पत्र्यावर एक थाप पडली. एकच.

माझ्या डोक्यात काहीही यायच्या आत पाय ब्रेकवर गेला. गाडी जागेवर खिळली. मग स्क्रीनवर बघितलं. उतरलेल्या एका बाईंचा पदर मागच्या दारात अडकला होता. मी दार उघडलं. परबने पदर सोडवला, बाईंना फुटपाथवर नेलं. त्या नुसत्या पदराकडे बघत राहिल्या.

दार मिटलं. पत्र्यावर दोन थापा पडल्या. मी निघालो.

राणीच्या बागेजवळ शेखसाहेब म्हणाले, "स्क्रीन बघितला नव्हता तुम्ही."

"नाही, साहेब."

"मग थांबलात कसे?"

"सिंगल बेल पडली."

"डिझेलची गाडी असती तर ती थापही ऐकू आली नसती." थोडं थांबून म्हणाले, "आज सही नाही. पुढच्या स्टॉपला परब नाहीये, कांबळे. भायखळ्यालाही नसेल. परवा परत या."

राग आला नाही. साहेब बरोबर होते. घाईत गाडी हलवणारा मी, आणि घंटीची वाट बघत बसणारा मी, दोघंही नापासच होतो.

तिसऱ्या दिवशी परत गेलो. प्रत्येक स्टॉपवर दारं मिटली की स्क्रीनवर मागचं दार वरपासून खालपर्यंत बघितलं, बोटाने स्टिअरिंगवर दोनदा टकटक केलं आणि निघालो. साहेबांनी बोटाकडे बघितलं. सही केली.

गाडीतून कंडक्टर काढता येतो, त्याचं काम काढता येत नाही. ते कोणाच्या तरी अंगावर पडतंच. माझ्या अंगावर पडलं. परब आता रिटायर होऊन गावी गेलाय. लालबागला मी अजून निघण्याआधी तोंडातल्या तोंडात म्हणतो, "मागचा मी बघतंय." पुढच्या सीटवरच्यांना वाटतं, ड्रायव्हर फोनवर बोलतोय.