तीन फोनांचं एक नेट

दिग्रसच्या बसस्टँडमागे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या विमलताईंना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. पान उघडेपर्यंत त्या झेरॉक्स काढत, झेरॉक्स निघेपर्यंत दारात जाऊन पुढच्याचं आधार कार्ड मागत. एका मोबाइलच्या नेटवर या जिवाचं भागणार कसं? त्यांनी तीन फोनांचे हॉटस्पॉट एकाच कॉम्प्युटरला जोडले. एक स्वतःचा, एक लेकीचा, एक शेजारच्या कापूसवाल्या बबनरावांचा. तिन्ही एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर त्यांनी व्हिडिओ पाहून एकटीनं बसवलं. मग निकाल काय नि सातबारा काय, सगळं झपाट्यानं उतरू लागलं. त्याचा तोरा त्या गावभर मिरवत.

आधी गिऱ्हाईक, मग घरचं, हाही त्यांचाच नियम. त्यामुळे लेकीचा, सुरभीचा, नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म राहत राहत शेवटच्या दिवसावर आला. पाचला साइट बंद होणार होती आणि साडेचार वाजले होते. पोरीचं वर्ष जातं की काय, म्हणत विमलताईंनी घाईघाईनं फॉर्म उघडला.

बाकीच्या साइट तीन फोन चालवून घेत, ही मात्र दोन पानं भरली की बाहेर काढायची आणि पुन्हा लॉग-इन करा म्हणायची. विमलताईंनी चौथा फोन जोडला. साइट आणखीच लवकर बाहेर काढू लागली. त्यांनी साइटला शिव्या घातल्या, बिचारा माउसही दोनदा आपटला.

सुरभी मात्र पडद्याकडे बघत होती. आपण साइटला आत्ता एका फोनवरून दिसतो, लगेच दुसऱ्यावरून, म्हणून तिला माणूस बदलल्यासारखं वाटतं, असं तिनं सांगितलं. बाकीचे फोन काढायला हवेत.

"एकावर कसं होईन? पाच वाजतीन ना."

"होईन. तू फक्त हात नको लावू."

तीन फोन बंद झाले. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. विमलताई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या, शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. तालुक्यातल्या पोरांचे फॉर्म वेळेत भरले आणि हिचाच तेवढा राहू दिला, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

चार छप्पन्नला पावती आली. प्रिंट द्यायला त्या झटकन उठू लागल्या, तर सुरभीनं त्यांचा हात धरला.

"राहू दे माय थोडं," ती म्हणाली. "मायासाठी पैल्यांदाच बसली तू."

दारातून कुणी तरी झेरॉक्स मागितली. विमलताईंचे डोळे भरून आले होते. त्यांनी हात सोडवून घेतला नाही.