साध्या पाण्याच्या दहा कुंड्या

लोस बान्योसच्या आमच्या भात संशोधन केंद्राच्या काचघरात आलिंग पिस्तांग बावीस वर्षं भाताची मुळं धुते. वयाने मोठ्या बाईला आम्ही आलिंग म्हटल्याशिवाय हाक मारत नाही, आणि पिस्तांगला तर आमचे साहेब डॉ. काबाहुगसुद्धा जरा घाबरूनच म्हणतात. एकही तंतू न तोडता रोप मातीतून सोडवावं ते तिनेच, आणि त्याचा तिला भलता तोरा आहे. मी शेजारच्या टेबलावर कुंड्यांना चिठ्ठ्या लावतो. माझं अक्षर कोंबड्यांनी काढलंय, असं ती रोज एकदा तरी ऐकवते.

कामाला चोख, पण एक खोड. तिच्यासमोर कुणी उपाशी राहिलेलं तिला चालत नाही. डबा उघडला की समोरून जाणाऱ्याला "या जेवायला" असं आमच्यात सगळेच म्हणतात, तोही "झालं, झालं" म्हणत निघून जातो. पिस्तांग त्याला धरून बसवते. नळ दुरुस्त करायला आलेला माणूस तिची सुकी मासळी खाऊन गेला. नळ अजून गळतोय.

अशा बाईच्या हाती जोव्हेलिनने आपल्या वीस कुंड्या दिल्या. जोव्हेलिन डॉ. काबाहुग यांची विद्यार्थिनी. एरवी भाताच्या बुंध्याशी मुळांचा झुपका फुटतो. तिच्या भातात एक जनुक बिघडलेलं, म्हणून रोपांना बियातून निघालेलं तेवढं एकच मूळ.

"शेंड्याकडून संजीवकाचा, म्हणजे वाढीच्या रसाचा, निरोप खाली येतो, मुळं फोड म्हणून," तिने समजावलं. "इथे निरोपच पोचत नाही, की पोचून ऐकू येत नाही, ते बघायचंय."

"पोचतो. ऐकत नाहीत," पिस्तांग म्हणाली. "माझ्या नवऱ्याचं तेच आहे."

दहा कुंड्यांना रोज सकाळी बाहेरून संजीवक, उरलेल्या दहांना तुलनेसाठी नुसतं साधं पाणी, असं ठरलं. बाटली पिस्तांगकडे.

बाराव्या दिवशी रोपं धुतली, तर वीसच्या वीस रोपांना मुळं फुटलेली. साध्या पाण्यावरच्यांनाही. जोव्हेलिन नाचायचीच बाकी होती. रोपं औषधाविना आपोआप सुधारली, असा शोध कुणाच्या नशिबी येतो? पदवी पक्की झाली, असं तिने आईला फोनवर सांगूनही टाकलं. शुक्रवारच्या बैठकीत ती सगळं मांडणार होती. पिस्तांग मात्र त्या दिवशी माझ्या अक्षराबद्दल काही बोलली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

शुक्रवारी सकाळी तिने मला हळूच विचारलं, "साध्या पाण्यावर खरंच मुळं यायला नको होती का रे?"

"नको होती. म्हणून तर ती पोर हवेत आहे."

"मग मी मेले," ती म्हणाली, आणि काय केलं ते मला सांगितलं.

"गप्प बस," मी म्हणालो. "तुझा करार याच महिन्यात संपतोय. नवा करून मिळणार नाही." असा सल्ला दिल्याची मला अजून लाज वाटते.

बैठकीत जोव्हेलिन बोलायला उठणार, एवढ्यात पिस्तांग ओल्या हातांनीच उभी राहिली.

"डॉक्टर, साध्या पाण्याची रोपं साध्या पाण्यावर नव्हती. शेजारच्याला रोज मिळतंय आणि ही नुसती बघत बसतात, ते मला बघवेना. दहांचं औषध मी विसांत वाटलं."

जोव्हेलिनचा चेहरा पांढरा पडला. पुन्हा बी पेरायचं, त्यातून बिघडलेल्या जनुकाची रोपं पुन्हा निवडायची, म्हणजे सहा महिने पाण्यात.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जोव्हेलिन, पुढच्या कुंड्या कुणाकडे द्यायच्या, ते तूच सांग."

पिस्तांगची नोकरी त्या उत्तरावर अवलंबून होती, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मला तुमचा फार राग आलाय, आलिंग," जोव्हेलिन म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं.

"येणारच, पोरी."

"पण तुम्ही बोलला नसतात तर मी जन्मभर खोटं सांगत फिरले असते." तिने नाक पुसलं आणि डॉक्टरांकडे पाहिलं. "कुंड्या यांच्याकडेच द्या."

पिस्तांगने ओले हात कपड्यांना पुसले. मग म्हणाली, "कुंड्या दे. पण बाटली दुसऱ्या कुणाकडे ठेव, बाई. मला माझा भरवसा नाही."